लाल प्रकाशावर अभिक्रिया चालत नाही? या चुका टाळा

प्रकाशाच्या ऊर्जेवर चालणाऱ्या रासायनिक अभिक्रिया करताना निळ्या एलईडीवर हात बसलेले बरेच जण लाल दिव्याकडे वळतात, पण सवयी निळ्याच्याच ठेवतात. ४५० नॅनोमीटरच्या फोटॉनमध्ये २.७६ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा असते, ६६० ला १.८८ आणि ७३० ला जेमतेम १.७०. ४५० च्या आसपास शोषणारा नेहमीचा रुथेनियम उत्प्रेरक लाल दिव्याखाली नुसता पडून राहतो. आधी उत्प्रेरकाचा शोषण वर्णपट, म्हणजे तो कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषतो ते बघा, मग दिवा घ्या.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो उत्प्रेरकाच्या प्रमाणात. मिथिलीन ब्लू हा उत्प्रेरक म्हणून वापरला जाणारा निळा रंग ६६४ नॅनोमीटरच्या आसपास दणकून शोषतो. त्याच्या १ मिलिमोलर द्रावणात ९० टक्के लाल प्रकाश पाव मिलिमीटरच्या आतच संपतो आणि बाकी फ्लास्क अंधारात राहतो. लाल प्रकाश खोलवर जातो हे खरं, पण वाटेत शोषणारं कमी असेल तरच! त्यामुळे उत्पादन कमी आलं की उत्प्रेरक आणखी चिमूटभर टाकू नका, उलट दहापट कमी करून बघा.

मिथिलीन ब्लूबरोबर अमाइन (उत्प्रेरकाला इलेक्ट्रॉन देणारं संयुग) असलेल्या द्रावणाचा निळा रंग उडाला तर लगेच ओतून देऊ नका. थोडं द्रावण छोट्या व्हायलमध्ये काढून हवेत हलवा. पुन्हा निळं झालं तर उत्प्रेरक शाबूत आहे, फक्त क्षपण झालेल्या, म्हणजे इलेक्ट्रॉन घेतलेल्या रूपात अडकलाय. रंग परतलाच नाही, तर मात्र तो बहुधा मोडला.

ऑक्सिजनचं आधीच ठरवा. सल्फाइडच्या ऑक्सिडीकरणाला तो हवाच. इतर बऱ्याच अभिक्रियांत तो उत्प्रेरकाची ट्रिप्लेट अवस्था (प्रकाश शोषल्यावर येणारी, जास्त वेळ टिकणारी उत्तेजित अवस्था) विझवतो, म्हणून आर्गॉन नीट फिरवा.

कोलंबिया विद्यापीठातल्या रोव्हिस आणि कॅम्पोस यांच्या गटांनी २०१९ मध्ये दाखवलेल्या पद्धतीत दोन कमी ऊर्जेचे फोटॉन मिळून एका जास्त ऊर्जेच्या फोटॉनचं काम करतात. तिथे ऑक्सिजन आणखी घातक. शिवाय मंद प्रकाशात तीव्रता निम्मी झाली की वेग चौथाईवर येतो, म्हणजे दिवा जरा लांब सरकला तरी निकाल बिघडतो.

तुलनेसाठी प्रकाश अडवायला फॉइल गुंडाळलेला फ्लास्क खोलीच्या तापमानाला ठेवणं ही चूक मला सर्वांत गंभीर वाटते, कारण तिच्यामुळे उष्णतेचं श्रेय प्रकाशाला जातं. चालू फ्लास्कच्या आतलं तापमान मोजा आणि अंधारातला फ्लास्क तेवढ्याच तापमानाच्या बाथमध्ये ठेवा. ९८० नॅनोमीटरला पाणी स्वतःच प्रकाश शोषून तापतं, तिथे तर हे टाळूच नका.

आणि ७३० चा दिवा डोळ्यांना मंद दिसतो म्हणून त्यात रोखून बघू नका. त्या तरंगलांबीसाठी असलेला चष्मा लावूनच काम करा.