हॅरिअर शिकताना या चुका टाळा

रिमोटच्या विमानाचे नाक सुमारे 45 अंश वर ठेवून, पंख स्टॉल झालेल्या, म्हणजे त्यांवरून वाहणाऱ्या हवेचा प्रवाह तुटलेल्या, अवस्थेत ते अगदी संथपणे पुढे नेणे म्हणजे हॅरिअर. येथे पंखांची उचल घटलेली असते आणि वजनाचा मोठा भाग प्रोपेलर पेलतो, त्यामुळे नेहमीच्या उड्डाणातील हाताच्या सवयी उपयोगी पडण्याऐवजी आड येतात.

बहुतेक अपयशांचे मूळ थ्रॉटलमध्ये (प्रोपेलरची ताकद कमी-जास्त करणाऱ्या नियंत्रणात) असते, असे माझे मत आहे. विमान खचू लागले की शिकणारा एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीवरील आडवी पट्टी) आणखी ओढतो, वास्तविक या अवस्थेत उंची थ्रॉटलने राखायची असते आणि एलिव्हेटरने केवळ नाकाचा कोन. थ्रॉटल पूर्ण बंद करणे तर त्याहून वाईट, कारण शेपटीवरून जाणारा प्रोपेलरचा झोत थांबताच एलिव्हेटर आणि रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारी शेपटीवरील उभी पट्टी) दोन्ही निष्प्रभ होतात. थ्रॉटलची काठी सतत, पण थोडी थोडी हलती ठेवावी.

हॅरिअरमध्ये शिरताना, विमान वेगात असतानाच एलिव्हेटर झटक्याने ओढल्यास विमान उसळते किंवा एका पंखावर कोसळते. आधी वेग कमी करून, उंची न बदलता, एलिव्हेटर हळूहळू वाढवावा.

पंख डावीकडे-उजवीकडे डोलू लागणे ही सर्वांत चिवट तक्रार आहे. प्रत्येक झोल्यामागे एलेरॉन (विमान एका बाजूला कलवणाऱ्या पंखांवरील पट्ट्या) देत राहिल्यास हाताचा प्रतिसाद नेहमी किंचित उशिरा पोहोचतो आणि डोलणे वाढतच जाते. त्याऐवजी थ्रॉटल थोडा वाढवून पाहावा, कोन जरा बदलावा आणि तरीही फरक पडला नाही तर गुरुत्वमध्य (विमानाच्या वजनाचा तोल साधणारा बिंदू) तपासावा. चढत्या 45 अंशांच्या रेषेत विमान उलटे करून एलिव्हेटर सोडला असता नाक लगेच जमिनीकडे झुकले, तर विमान नाकाकडे जड आहे. अशा वेळी बॅटरी थोडी थोडी मागे सरकवावी. दोन्ही एलेरॉन किंचित वर उचललेले ठेवल्यानेही पुष्कळ विमाने शांत होतात. (उलट्या हॅरिअरमध्ये हे डोलणे बहुधा कमी असते, पण तो सराव नंतरचा.)

वळण रडरनेच घ्यावे, एलेरॉनने केवळ पंख समतल राखावेत. विमान आपल्या दिशेने येताना डावे-उजवे उलटे भासते, म्हणून आरंभीचा सराव विमान दूर जात असताना, भरपूर उंचीवर करावा. हॅरिअरमधून बाहेर पडताना आधी थ्रॉटल द्यावा आणि मगच एलिव्हेटर सैल करावा. हा क्रम उलटला तर नाक पडते आणि उंची वाया जाते.

वाऱ्याच्या पाठीने जाताना विमान जमिनीच्या तुलनेत वेगवान दिसते, त्या भासाला फसून थ्रॉटल कमी करू नये.