दीडशे शब्दांचं चरित्र: नाशिकच्या माणसांवर लिहिताना

शाळेच्या फलकावर किंवा जयंतीच्या स्मरणिकेत एका व्यक्तीला साधारण दीडशे शब्द मिळतात. त्यातले तीस-चाळीस नाव, जन्म आणि मृत्यू यांतच जातात. चुकाही तिथेच जास्त होतात, म्हणून तेवढं आधी पक्कं करा.

नाशिकला दोन दादासाहेब आहेत: चित्रपट काढणारे धुंडिराज गोविंद फाळके आणि काळाराम मंदिर सत्याग्रहातले भाऊराव कृष्णराव गायकवाड. पहिल्या वाक्यात पूर्ण नाव घाला, 'दादासाहेब' नंतर येऊ द्या. कुसुमाग्रज जन्माने गजानन रंगनाथ शिरवाडकर. काकांना दत्तक गेल्यावर विष्णु वामन झाले. दत्तकाचा उल्लेख गाळून वडिलांचं नाव रंगनाथ दिलं, की वाचकाला ती छपाईची चूक वाटते.

गावाच्या बाबतीत सरसकट 'नाशिक' लिहून मोकळं होऊ नये. फाळके त्र्यंबकेश्वरला जन्मले (३० एप्रिल १८७०), सावरकर भगूरला (२८ मे १८८३). कुसुमाग्रजांचा जन्म पुण्यातला, आयुष्य नाशिकचं. यशवंतराव चव्हाण १९६३ साली नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध गेले, पण ते देवराष्ट्रेचे. नातं जन्माचं, कामाचं की मतदारसंघाचं, ते स्पष्ट लिहा.

तारीख कशाची, तेही सांगायला हवं. 'राजा हरिश्चंद्र'चा निमंत्रितांसाठीचा खेळ २१ एप्रिल १९१३ला झाला, लोकांसाठीचा ३ मेला. दोन्ही तारखा खऱ्या आहेत. 'प्रदर्शित' हा शब्द मात्र दुसरीलाच लावा. (हा चित्रपट दादरला तयार झाला. फाळक्यांनी कंपनी नाशिकला आणली ती त्यानंतर.) पुरस्कारातही हीच गफलत होते: कुसुमाग्रजांना मिळालं ते १९८७ सालचं ज्ञानपीठ, समारंभाचं वर्ष वेगळं धरावं. जुन्या कागदावर शालिवाहन शकाचं वर्ष असेल तर इसवी सनासाठी त्यात ७८ मिळवा. तिथी जानेवारी ते मार्चमध्ये, म्हणजे पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंत पडत असेल तर ७९.

उरलेल्या शंभर शब्दांत पदांची यादी कोंबू नका. एकच काम घ्या आणि ते नीट सांगा. गायकवाडांसाठी ते काम म्हणजे २ मार्च १९३०ला सुरू झालेला सत्याग्रह: नेतृत्व बाबासाहेब आंबेडकरांचं, आणि नाशिकात तो पुढची काही वर्षं नेटाने चालवणाऱ्यांत गायकवाड आघाडीवर. 'थोर', 'महान', 'अजरामर' खोडून टाका. अनंत कान्हेरे यांनी २१ डिसेंबर १९०९ला विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या आणि १९ एप्रिल १९१०ला ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. मधले चार महिनेसुद्धा भरत नाहीत; ते अंतर वाचकाला दिसलं, की विशेषणाची गरज उरत नाही. कान्हेरे कितीही तरुण असले तरी 'अनंतने' नको, 'कान्हेरे यांनी'च हवं.

हयात राजकारण्यांबद्दल 'सध्या मंत्री' लिहू नये, कारण रंगवलेला फलक दहा वर्षं तसाच राहतो. पदाचं सुरुवातीचं वर्ष द्या आणि शेवटच्या वर्षासाठी जागा मोकळी ठेवा.