बाण नसलेल्या नकाशावर वाट कशी काढावी

नागपुरात पत्ता विचारला, तर सांगणारा रस्त्याचे नाव क्वचितच घेतो. "शंकरनगर चौकातून पुढे जा, पानठेला लागेल, तिथून उजवीकडे वळा," असे तो म्हणतो आणि कोणता पानठेला हे विचारेपर्यंत त्याची गाडी निघून गेलेली असते. हवे तिकडे फिरता येणाऱ्या मुक्त जगातील रोल-प्लेइंग गेममधली पात्रे बरीचशी अशीच वाट सांगतात. त्यामुळे इतवारीच्या गल्लीतले दुकान विचारत विचारत ज्याला सापडते, त्याला अशा गेममधील क्वेस्टही, म्हणजे पात्रांनी सोपवलेली कामगिरीही, पुरी करता येते. फक्त ऐकताना थोडी शिस्त पाळावी लागते.

सरावासाठी २००२ सालचा मोरोविंड हा गेम उत्तम आहे. त्यात क्वेस्टचे ठिकाण दाखवणारा बाण नाही. मोरोविंड बनवणाऱ्या बेथेस्डा कंपनीने तो त्याच मालिकेतील २००६ च्या ऑब्लिव्हियनमध्ये आणला आणि मग पात्रांना वाट सांगण्याचे फारसे कारणच उरले नाही. म्हणूनच नंतरच्या गेममध्ये केवळ बाण बंद करून जुनी मजा मिळत नाही, कारण संवादांतून रस्त्याची माहितीच गेलेली असते.

मोरोविंडमध्ये सुरुवातीलाच बाल्मोरा गावातील हासफात अँटाबोलिस हा योद्धा संघाचा माणूस आर्कन्गथँड या अवशेषांतून ड्वेमर या त्या जगातील लुप्त झालेल्या जमातीची एक कोडे-पेटी आणायला सांगतो. त्याचे बोलणे एका दमात वाचून निघू नये. कागदावर प्रथम सुरुवातीचे ठिकाण लिहावे, मग वाटेतील प्रत्येक खूण स्वतंत्र ओळीत उतरवावी: मूनमॉथ किल्ला, फोयाडा मामाइया या लाव्ह्याने कोरलेल्या कोरड्या दरीवरचा जुना ड्वेमर पूल, आणि पुलापलीकडचे अवशेष. एक खूण डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पुढच्या ओळीकडे वळू नये. आणि वाट चुकलीच, तर पार गावापर्यंत मागे न येता शेवटच्या खात्रीच्या खुणेपाशी परतावे. पूर्व-पश्चिम ठरवताना आपल्या पात्राचे तोंड कुणीकडे आहे याचा विचार करू नये, कारण त्या गेमच्या नकाशाची वरची बाजू नेहमी उत्तरच असते.

अंतराच्या बाबतीत मात्र भाबडेपणा नको. आपल्या नागपुरातील झिरो माइलच्या दगडावर गावांच्या नावांपुढे मैलही कोरलेले आहेत. गेममधील पात्रांकडून तेवढ्या नेमकेपणाची अपेक्षा ठेवता येत नाही. काही जण तर दिशाच चुकीची सांगतात, हे मोरोविंडच्या जुन्या खेळाडूंना चांगलेच ठाऊक आहे. म्हणून सांगितलेल्या दिशेला काहीच सापडले नाही, तर त्याच खुणेपासून उलट दिशेला थोडे चालून पाहावे.

ठिकाणी पोहोचलो म्हणजे काम झाले, असेही नाही. आर्कन्गथँडचे दार नुसते ढकलून उघडत नाही. जवळच्या नळीवरील दांडा फिरवावा लागतो. मी त्या दारासमोर एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे. तेव्हापासून अडले की आधी आजूबाजूचे दगड, नळ्या आणि खांब बारकाईने पाहायचे, असा माझा नियम आहे.

२०२२ मधील एल्डन रिंग या गेमची अडचण वेगळी आहे. तेथे क्वेस्टची नोंदवही मुळीच नाही. विश्रांतीच्या जागांवरून निघणारी सोनेरी किरणे मुख्य वाटेचा अंदाज देतात, पण भेटलेले पात्र पुढे कुठे गेले हे ती सांगत नाहीत. पुढच्या एका अपडेटने पात्रांची चिन्हे नकाशावर उमटू लागली, तरी वही हाताशी हवीच. प्रत्येक पात्राशी त्याची वाक्ये पुन्हा ऐकू येऊ लागेपर्यंत बोलावे आणि नाव, भेटीची जागा व शेवटचे वाक्य लिहून ठेवावे, कारण पुढच्या ठिकाणाचा धागा बहुधा त्या वाक्यातच दडलेला असतो. दूरवर काही संशयास्पद दिसले, तर नकाशावर दीपखूण, म्हणजे दुरूनही दिसणारी प्रकाशाची खूण, लावावी. अशा खुणा एका वेळी पाचच लावता येत असल्याने काम झालेली खूण लगेच काढून टाकावी.

तासभर शोधूनही काही हाती लागले नाही, तर मदत घेण्यात कमीपणा नाही. मात्र गेम पूर्ण केलेल्या मित्राला अख्खे उत्तर विचारू नये. आपली यादी त्याला वाचून दाखवावी आणि त्यातली कोणती खूण चुकली, एवढेच त्याच्याकडून काढून घ्यावे.