बोट या पडद्यावर, बाण त्या पडद्यावर: दोन मॉनिटर असताना टच कसा जुळवावा

सांगलीच्या मार्केट यार्डातलं हळदीचं अडत दुकान घ्या, नाहीतर मिरजेतल्या दवाखान्याची नोंदणी खिडकी. संगणक एकच, पडदे दोन. आतला साधा मॉनिटर कारकुनासमोर, बाहेरचा टचस्क्रीन गिऱ्हाइकासमोर. बाहेरच्या पडद्यावर बटण दाबावं आणि आतल्या पडद्यावर भलतीच खिडकी बंद व्हावी, हे दुखणं नेहमीचं. त्यावर बहुतेक जण सरळ ‘कॅलिब्रेट’, म्हणजे बोट आणि ठिपका नेमका जुळवण्याचं बटण, दाबतात आणि गुंता वाढवून ठेवतात.

मॉनिटरकडे चित्र जातं एचडीएमआय किंवा व्हीजीए केबलमधून. बोटाची खबर संगणकाकडे येते वेगळ्या यूएसबी केबलमधून. ही यूएसबी कोणत्या चित्राच्या काचेला चिकटलेली आहे, हे संगणकाला आपोआप कळेलच असं नाही. कळलं नाही की विंडोज टच मुख्य पडद्याच्या नावावर टाकून मोकळं होतं. म्हणून आधी टच कोणत्या पडद्याचा ते सांगायचं, म्हणजे मॅपिंग, आणि मग गरज पडलीच तर कॅलिब्रेशन.

दोष ओळखायला पाच मिनिटं द्या. पेंट उघडून ती खिडकी टचच्या पडद्यावर पूर्ण पसरा आणि चारही कोपरे व मध्य असे पाच ठिपके बोटाने द्या. ठिपके दुसऱ्याच पडद्यावर पडले, तर दोष मॅपिंगचा. सगळीकडे एकाच दिशेला सारख्या अंतराने सरकले, तर कॅलिब्रेशनचा. मध्य बरोबर पण कडेकडे चूक वाढत जाते, तर आधी चित्राचा आकार तपासा. टीव्ही पडदा म्हणून लावला असेल, तर तो चित्राच्या कडा कापून मोठं दाखवत असू शकतो. टीव्हीच्या मेनूत ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’सारखा पर्याय असतो, तो चालू करा. बोट वर नेलं की बाण आडवा पळतो, तेव्हा पडदा फिरवलेला असतो आणि टचला त्याचा पत्ता नसतो.

आता विंडोजमधली कृती. डिस्प्ले सेटिंग्जमध्ये पडदे ‘एक्स्टेंड’वर, म्हणजे दोन्ही मिळून एकच लांब पडदा असे, आहेत ना, ते पाहा. टेबलावर डावी-उजवी जशी मांडणी आहे तशीच तिथल्या चौकटींची करा. प्रत्येक पडद्याला त्याचं मूळ रिझोल्यूशन द्या आणि उभा-आडवा कल आत्ताच ठरवून टाका. हे नंतर बदललंत तर पुढची मेहनत पुन्हा करावी लागू शकते.

मग कंट्रोल पॅनेलमध्ये ‘टॅबलेट पीसी सेटिंग्ज’ उघडा. नाव टॅबलेटचं असलं तरी काम साध्या संगणकावरही इथेच होतं. हा पर्यायच सापडत नसेल, तर विंडोजला टच दिसलेलाच नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘ह्यूमन इंटरफेस डिव्हायसेस’खाली एचआयडी-कंप्लायंट टच स्क्रीन अशी नोंद आहे का, ते बघा. नसेल तर यूएसबी केबल तपासा. यूएसबी २.० ची साधी केबल ५ मीटरपर्यंतच भरवशाची. काउंटरच्या खालून वळसे घालून ८-१० मीटर ओढायची असेल, तर सिग्नलला जोर देणारी अॅक्टिव्ह केबलच हवी.

‘डिस्प्ले’ टॅबवर ‘सेटअप’ दाबा आणि पेन की टच असं विचारलं तर टच निवडा. एक पडदा पांढरा होऊन त्यावर सूचना येईल. ती टचच्या पडद्यावर आली असेल, तर त्याच पडद्याला बोट लावा. साध्या पडद्यावर आली असेल, तर कशालाही हात न लावता कीबोर्डवरची एंटर दाबा, सूचना पुढच्या पडद्यावर जाईल. घाईत लोक इथेच चुकतात: सूचना आत दिसत असताना बाहेरच्या काचेला बोट लावतात आणि उलटी गाठ पक्की होते. चुकलं तर एस्केप दाबून पुन्हा सुरू करा. दोन्ही पडदे टचचे असतील, तर जिथे सूचना तिथेच बोट.

पुन्हा पाच ठिपके देऊन पाहा. ते बरोबर पडले तर काम झालं. हल्लीच्या कपॅसिटिव्ह काचेला, म्हणजे मोबाइलसारख्या, सहसा कॅलिब्रेशन लागतच नाही. ती कारखान्यातूनच जुळवून येते. लागतं ते जुन्या रेझिस्टिव्ह पडद्याला, जो नखाने किंवा पेनच्या टोपणानेही चालतो. त्याचा वरचा पातळ थर वापराने ढिला पडतो आणि ठिपका सरकू लागतो.

कॅलिब्रेट करताना त्याच ‘टॅबलेट पीसी सेटिंग्ज’च्या खिडकीत वरच्या यादीतून योग्य पडदा निवडा. दुसराच निवडलेला राहिला, तर बोट टेकवायच्या फुल्या भलत्या पडद्यावर उमटतात. काउंटरवरचा माणूस उभ्याने काम करत असेल, तर तुम्हीही उभे राहा. काच जाड असते आणि डोळ्याची उंची बदलली की फुली सरकलेली दिसते. प्रत्येक फुलीच्या बरोबर मध्यावर टेकवा, तळहात काचेला लागू देऊ नका. शेवटी सेव्ह करा. बिघडलं तर शेजारचं ‘रीसेट’ आहेच. मॉनिटरसोबत कंपनीचा स्वतःचा टच ड्रायव्हर टाकला असेल, तर कॅलिब्रेशन त्याच्याच साधनातून करा. दोन्हीकडून केलं की एक चूक दुसरीवर चढते.

एवढं करूनही बाण आपोआप उड्या मारत असेल, तर सॉफ्टवेअरला दोष देऊ नका. चौकटीत इन्फ्रारेड दिवे असलेल्या पडद्यात खाचेत बसलेली हळदीची पूड किरण अडवते आणि पडद्याला तिथे बोट टेकल्याचा भास होतो. पडदा बंद करून कोरड्या मऊ ब्रशने चारही खाचा झाडा, मग काच किंचित ओल्या मायक्रोफायबरने पुसा. पाणी थेट फवारू नका. भडंगाच्या दुकानात तेलकट बोटांचा थर रोज पुसावाच लागतो. कपॅसिटिव्ह पडद्यावर असेच भूत-स्पर्श दिसले, तर प्लगचं अर्थिंग आणि हलका अडॅप्टर आधी तपासा.

लिनक्सवर, पडद्यावर चित्र दाखवण्याच्या जुन्या ‘एक्स’ पद्धतीत, वेगळी गंमत होते: टच दोन्ही पडद्यांवर मिळून ताणला जातो. बोट काचेच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेला गेलं की बाण दोन्ही पडदे ओलांडतो. ‘एक्सइनपुट’ची ‘मॅप-टू-आउटपुट’ ही आज्ञा टच एका पडद्याला बांधते. ती चालली नाही तर आकडे हाताने द्यावे लागतात. समजा डावीकडे १९२० बाय १०८० चा साधा पडदा, उजवीकडे १३६६ बाय ७६८ चा टच, वरच्या कडा समान. एकूण रुंदी ३२८६, उंची १०८०. रुंदीचा वाटा १३६६ भागिले ३२८६, म्हणजे ०.४१५७. डावीकडून सरक १९२० भागिले ३२८६, म्हणजे ०.५८४३. उंचीचा वाटा ७६८ भागिले १०८०, म्हणजे ०.७१११. ‘कोऑर्डिनेट ट्रान्सफॉर्मेशन मॅट्रिक्स’मध्ये हे नऊ आकडे याच क्रमाने: ०.४१५७, ०, ०.५८४३, ०, ०.७१११, ०, ०, ०, १. आज्ञा आणि आकडे अर्थातच इंग्रजीत टाइप करायचे. संगणक पुन्हा सुरू केला की हे पुसलं जातं, म्हणून आज्ञा लॉगिनच्या वेळी आपोआप चालेल अशी ठेवा. एक्सच्या जागी आलेल्या नव्या ‘वेलँड’वर ही युक्ती लागू पडत नाही.

विंडोजमध्ये मॅपिंग टिकतं, पण यूएसबी केबल दुसऱ्या खोबणीत घातली की टच नवा समजला जाऊन ते हरवू शकतं. साफसफाईच्या दिवशी सगळ्या केबली निघतात आणि दुसऱ्या दिवशी तक्रार येते. केबलच्या टोकावर आणि तिच्या खोबणीवर ‘टच’ लिहिलेली चिठ्ठी चिकटवा.