तालुक्याचा स्वतःचा निधी: समुदाय प्रतिष्ठान कसे उभारावे

शाळेवर पत्रे घालायचे असले किंवा नळयोजनेतील गावाचा वाटा भरायचा असला, की आपल्याकडे लोकवर्गणी निघते. ही वर्गणी काम संपले की संपते आणि पुढच्या कामाला पुन्हा शून्यापासून दारोदार फिरावे लागते. समुदाय प्रतिष्ठानाची रीत वेगळी आहे. अनेकांच्या लहानमोठ्या देणग्यांतून एक कायमचा मूळ निधी उभा राहतो. त्याला हात न लावता त्याच्या व्याजातून आणि त्या त्या वर्षी येणाऱ्या चालू देणग्यांतून स्थानिक कामांना मदत दिली जाते, आणि ती कोणत्या कामाला द्यायची हे त्याच भागातील माणसे ठरवतात. १९१४ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात फ्रेडरिक गॉफ या बँकरने असे पहिले प्रतिष्ठान काढले, कारण दाते निवर्तल्यानंतर त्यांच्या कालबाह्य अटींत अडकून पडलेला पैसा त्याला रोज दिसत होता. अनेकांच्या थेंबाथेंबाने तळे साचवण्याचा अनुभव महाराष्ट्रालाही आहे: अंताजी दामोदर काळे यांच्या पैसाफंडातून १९०८ साली तळेगावचा काच कारखाना सुरू झाला.

सुरुवात बँक खात्यापासून नव्हे, तर कार्यक्षेत्र आणि विश्वस्त ठरवण्यापासून करावी. एका गावाचा आवाका बहुधा अपुरा पडतो आणि जिल्हा फार मोठा होतो. तालुका किंवा एका नदीकाठची पंधरा-वीस गावे हा त्यातल्या त्यात सोयीचा पल्ला आहे. विश्वस्तांत निवृत्त शिक्षक, व्यापारी, शेतकरी आणि बचतगटांतील महिला असाव्यात. सक्रिय राजकीय पदाधिकारी मात्र नसलेले बरे, कारण निवडणुकीच्या वर्षी दिलेले प्रत्येक अनुदान प्रचाराचे वाटू लागते. विश्वस्तांची मुदत संस्थेच्या घटनेतच लिहून ठेवावी. पहिले विश्वस्त तहहयात राहिले, की ती संस्था दहा वर्षांत एका कुटुंबाची होते, हे सांगायला कोणा जाणकाराची गरज नाही.

नोंदणी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय कार्यालयात होते. नोंदणीपूर्वीच वर्गणी गोळा करायची असेल, तर गणेश मंडळे घेतात तशी कलम ४१-क खालील परवानगी घ्यावी. पुढे विश्वस्त बदलले, तर फेरफार अहवाल ९० दिवसांत दाखल करावा लागतो, आणि पुष्कळ संस्था नेमक्या इथेच अडकतात. आयकरातील नोंदणी आणि दात्यांना देणगीवर करसवलत मिळवून देणारी, कलम ८०-जी म्हणून ओळखली जाणारी मान्यता यांचे अर्ज त्यानंतर करावेत. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होत असल्याने कलमांचे क्रमांक सनदी लेखापालाकडून तपासून घ्यावेत. या सवलतीची जाहिरात जपून करावी: २,००० रुपयांवरील रोख देणगीला ती मिळत नाही आणि नवी करप्रणाली निवडलेल्या दात्याला तिचा काहीच उपयोग नसतो.

आता निधीकडे वळू. देणगी मूळ निधीसाठी आहे की चालू खर्चासाठी, हे दात्याने लेखी सांगितलेले असले पाहिजे. नाहीतर ती रक्कम चालू उत्पन्नात धरली जाते आणि उत्पन्नाचे किमान ८५ टक्के धर्मादाय कामावर खर्च करण्याचा नियम तिला लागतो. म्हणून पावतीपुस्तक छापतानाच त्यावर दोन चौकटी ठेवाव्यात, दात्याने खूण करून सही करावी आणि स्थळप्रतीवरही तीच सही असावी. मूळ निधी अनुसूचित बँकेत किंवा पोस्टात ठेवावा. ओळखीची पतसंस्था टक्का-दीड टक्का जास्त व्याज देते म्हणून तिथे ठेवण्याचा मोह टाळावा. कायद्यालाही ते चालत नाही. दहा लाखांचा निधी सात टक्क्यांनी वर्षाला सत्तर हजार देतो. तेवढ्यात काय होणार, असे कोणीतरी विचारतेच.

त्याचे उत्तर कामाच्या निवडीत आहे. कोल्हापुरी बंधाऱ्याचे उदाहरण घ्या. पावसाळा सरताना त्याची लोखंडी दारे बसवतात. पण दारांच्या कडेच्या रबरी पट्ट्या झिजलेल्या असल्या, की पाणी झिरपत राहते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर बंधारा कोरडा पडतो. नवा बंधारा बांधायला योजना मिळते, उद्घाटनाला पाहुणेही मिळतात. रबर बदलायला सहसा कोणी पुढे येत नाही. वाचनालयाच्या छताची गळती, अंगणवाडीचा बंद पडलेला वजनकाटा, जलशुद्धीकरण यंत्राची दुरुस्ती ही सगळी याच जातीची कामे आहेत, आणि समुदाय प्रतिष्ठानाने पहिली काही वर्षे अशाच कामांना पैसा द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. स्वतःची इमारत बांधू नये.

अर्ज एका पानाचा ठेवावा: काम काय, खर्च किती, गाव किती घालणार, वर्षभरानंतर देखभाल कोण करणार. शेवटच्या प्रश्नाला माणसाचे नाव नसेल, तर अर्ज परत द्यावा. अर्ज निवडणाऱ्या समितीतील एखाद्याच्या गावाचा अर्ज असेल, तर त्याने त्या चर्चेतून उठून जावे आणि तसे इतिवृत्तात लिहावे. मदत दोन हप्त्यांत द्यावी. दुसरा हप्ता पहिल्याच्या पावत्या पाहूनच.

देण्याची सवय वाढते ती हिशेबाच्या वाचनाने. वर्षातून एकदा, शक्यतो बाजाराच्या दिवशी, जमाखर्च मोठ्याने वाचून दाखवावा. शंभर रुपये देणाऱ्याचे नावही लाख देणाऱ्याच्याच यादीत, वर्णानुक्रमे यावे. नामफलकाचा हट्ट धरणाऱ्या दात्याला नाही म्हणणे अवघड असते, तरी पहिल्याच वर्षी म्हणावे. नकार मिळालेल्या अर्जांची कारणेही त्याच सभेत सांगावीत.

परदेशातील गावकऱ्यांकडे वळताना पासपोर्ट आधी विचारावा. भारतीय नागरिकाने परदेशातील स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम विदेशी देणगी ठरत नाही. पण त्याने अन्य देशाचे नागरिकत्व घेतले असेल, तर ओसीआय (मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकांना मिळणारे) कार्ड असूनही ती विदेशी देणगी होते आणि एफसीआरए, म्हणजे विदेशी देणग्यांचे नियमन करणाऱ्या कायद्याखालील, नोंदणीशिवाय स्वीकारता येत नाही. ८०-जी मान्यता मिळाल्यावर वर्षभरातील देणग्यांचे विवरण ३१ मेपर्यंत आयकर विभागाकडे भरावे लागते, आणि त्यावरूनच दात्याचे प्रमाणपत्र निघते. त्यासाठी पॅन क्रमांक पावती फाडतानाच लिहून घ्यावा.