घड्याळवाला वेदर रेडिओ: नेमका तुमच्याच काउंटीसाठी वाजावा म्हणून

अमेरिकेत टॉर्नेडोच्या पट्ट्यात घर घेतलं की पहिल्याच वसंतात कुणीतरी सांगतं, वेदर रेडिओ घ्या. तो घेतला जातो, सेल घातले जातात, मग एका रात्री पन्नास मैलांवरच्या कुठल्याशा गावासाठी तो तीनदा ठणाणा करतो आणि सकाळी त्याची रवानगी कपाटात होते. दोष रेडिओचा नसतो, त्याला तुमची काउंटी, म्हणजे राज्यातला तुमचा जिल्हा, सांगितलेलीच नसते. यंत्र चालू करायला पाच मिनिटं लागतात. खरं काम आहे ते त्याला गप्प राहायला शिकवण्याचं.

हवामानाच्या इशाऱ्यांचं हे प्रक्षेपण अमेरिकेची राष्ट्रीय हवामान सेवा करते, नोआ वेदर रेडिओ या नावाने. देशभर हजारावर मनोरे आहेत. सपाट प्रदेशात एका मनोऱ्याचा आवाका साधारण चाळीस मैलांचा, डोंगराळ भागात बराच कमी. सगळे मनोरे सातच फ्रिक्वेन्सी वापरतात: १६२.४००, १६२.४२५, १६२.४५०, १६२.४७५, १६२.५००, १६२.५२५ आणि १६२.५५० मेगाहर्ट्झ. साध्या एफएम रेडिओवर त्या लागत नाहीत. म्हणूनच हा रेडिओ भेट म्हणून पुण्याला न्यायलाही उपयोगाचा नाही, तिथे या फ्रिक्वेन्सींवर असं प्रक्षेपणच नाही.

घेताना

खोक्यावर ‘सेम’ हा शब्द शोधा. तो असेल तर रेडिओला काउंटीचा कोड देता येतो. ‘पब्लिक अलर्ट’चं चिन्ह असेल तर आणखी चांगलं. नुसतं ‘वेदर अलर्ट’ लिहिलेले रेडिओ, त्यात हाताने फिरवायची कडी असलेले बरेचसे आले, मनोऱ्यावरून येणाऱ्या १०५० हर्ट्झच्या सुरावर जागे होतात. मनोऱ्याच्या आवाक्यातल्या कुठल्याही काउंटीसाठी सूर आला की ते वाजणार. वीज गेल्यावर बातम्या ऐकायला कडीचा रेडिओ उत्तम, पण रात्रभर पहारा देण्याचं काम त्याचं नाही. कडी फिरवून भरलेली बॅटरी काही मिनिटं बोलते आणि संपते.

सेल आणि अँटेना

बहुतेक हातात धरायचे रेडिओ एए सेलवर किंवा सोबतच्या रिचार्जेबल पॅकवर चालतात. सेलच्या कप्प्यात अल्कलाइन की रिचार्जेबल हे ठरवणारं छोटं बटण असेल, किंवा मेनूत तसा पर्याय असेल, तर तो आधी तपासा. अल्कलाइन सेल घालून चार्जर लावला तर सेल गरम होऊन गळतात. नवेजुने सेल एकत्र घालू नका. एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत: अलर्टसाठी टपून बसलेल्या रेडिओचा रिसीव्हर सतत चालूच असतो, त्यामुळे पडद्यावर फक्त घड्याळ दिसत असलं तरी सेल दिवसांच्या हिशोबाने संपतात. घरात असताना अडॅप्टर लावून ठेवा आणि सेल वीज जाण्यासाठी राखा.

अँटेना पूर्ण ओढून उभी ठेवा. या फ्रिक्वेन्सीची तरंगलांबी सुमारे १८५ सेंटिमीटर आहे, तिचा चौथा भाग म्हणजे ४६ सेंटिमीटर. ओढायची अँटेना जवळपास तेवढी असते म्हणून ती अर्धवट ओढली की खरखर वाढते. मनोऱ्यावरून लहरी उभ्या येतात, आडव्या अँटेनाला त्या कमी मिळतात. रेडिओ मनोऱ्याच्या दिशेच्या खिडकीत ठेवा. वाय-फाय राउटर, एलईडी दिवे आणि फोनचे चार्जर यांच्यापासून लांब. तळघरात आवाज येतो की नाही हे चांगल्या हवेच्या दिवशीच बघून घ्या.

फ्रिक्वेन्सी: आवाज मोठा म्हणून ती बरोबर असं नाही

स्कॅन केलं की रेडिओ सगळ्यात जोरदार सिग्नलवर थांबतो. तो तुमच्या काउंटीचे इशारे देणारा मनोरा असेलच असं नाही. डॅलसचा केईसी५६ हा मनोरा १६२.४०० वर आहे, फोर्ट वर्थचा केईसी५५ हा १६२.५५० वर. दोन्ही शहरांच्या मधे राहणाऱ्याला दोन्ही स्पष्ट ऐकू येऊ शकतात. कुठला मनोरा कुठल्या काउंट्यांचे कोड प्रसारित करतो याची यादी हवामान सेवेच्या संकेतस्थळावर राज्यवार दिलेली आहे. त्यात तुमची काउंटी शोधा आणि तीच फ्रिक्वेन्सी लावा, आवाज थोडा बारीक असला तरी.

इथे एक खोच आहे. रेडिओवर बहुधा फ्रिक्वेन्सी न दिसता १ ते ७ असे चॅनेलचे आकडे दिसतात, आणि ते सगळ्या कंपन्यांचे सारखे नाहीत. काहींच्या रेडिओवर १ म्हणजे १६२.४०० आणि पुढे चढत्या क्रमाने, काहींच्यावर जुन्या पद्धतीने १ म्हणजे १६२.५५० आणि २ म्हणजे १६२.४००. शेजाऱ्याने ‘आमच्याकडे चॅनेल एकवर लागतो’ म्हटलं तर त्याला फ्रिक्वेन्सी विचारा.

काउंटीचा कोड

कोड सहा आकडी असतो. पहिला आकडा काउंटीच्या भागाचा. तो जवळजवळ नेहमी शून्य, म्हणजे अख्खी काउंटी. पुढचे दोन राज्याचे, शेवटचे तीन काउंटीचे. टेक्सासचे ४८, म्हणून डॅलस काउंटी ०४८११३, कॉलिन ०४८०८५, डेंटन ०४८१२१, टॅरंट ०४८४३९. न्यू जर्सीतली मिडलसेक्स, ज्यात एडिसन येतं, ती ०३४०२३. सुरुवातीचा शून्य गाळून पाच आकडे टाकण्याची चूक फार लोक करतात. मग रेडिओ एकतर कोड घेत नाही, किंवा घेतो आणि कधीच वाजत नाही.

बटणांची नावं मॉडेलगणिक बदलतात, क्रम साधारण असा:

१. मेनू दाबून ‘काउंटी’, ‘लोकेशन’ किंवा ‘सेम’ या शीर्षकावर या.
२. ‘एनी’ किंवा ‘ऑल’, ‘सिंगल’ आणि ‘मल्टिपल’ असे तीन पर्याय येतील. पहिला सोडून द्या. त्यावर ठेवलं तर मनोऱ्याच्या सगळ्या काउंट्यांसाठी भोंगा वाजतो. नव्या रेडिओवर बहुधा तोच आधीपासून असतो.
३. काही मॉडेलांत राज्य आणि काउंटी यादीतून निवडता येते, काहींत बाणांनी एकेक आकडा बदलायचा आणि ‘सिलेक्ट’ दाबून पुढे जायचं. सहावा आकडा झाल्यावरही एकदा ‘सिलेक्ट’ दाबल्याशिवाय कोड साठत नाही.
४. मेनूतून बाहेर येऊन पुन्हा आत जा आणि साठलेला कोड वाचून बघा.

शहर म्हणजे काउंटी नव्हे. डॅलसजवळचं फ्रिस्को कॉलिन आणि डेंटन अशा दोन काउंट्यांत वाटलेलं आहे. पिन कोडवरून अंदाज करू नका, घराच्या कराच्या कागदावर काउंटी लिहिलेली असते.

आता किती कोड टाकायचे? आमचं मत: स्वतःची काउंटी आणि ज्या बाजूने वादळं येतात त्या बाजूची एक. मैदानी राज्यांत वादळं बहुतेक वेळा पश्चिमेकडून किंवा नैर्ऋत्येकडून येतात, म्हणून कॉलिनमध्ये राहणाऱ्याने डेंटन टाकावी. पंचवीस कोडांची जागा आहे म्हणून पंचवीस भरले की ‘लांडगा आला रे’ सुरू होतं आणि खरा लांडगा येईपर्यंत रेडिओचा प्लग निघालेला असतो.

तरीही काही भोंगे फुकट वाटतील. त्याचं कारण पद्धतीतच आहे. ऑक्टोबर २००७ पासून हवामान सेवा टॉर्नेडोचा इशारा काउंटीला न देता नकाशावर आखलेल्या बहुकोनाला देते, पण रेडिओचा कोड मात्र काउंटीचाच राहिला. बहुकोनाने काउंटीचा एक कोपरा शिवला तरी तुमचा रेडिओ वाजणार. तेव्हा भोंगा थांबवून निवेदन ऐका. त्यात गावांची नावं आणि वादळाची दिशा सांगतात.

कोणत्या इशाऱ्यांना वाजायचं

‘वॉच’ म्हणजे परिस्थिती अनुकूल आहे, लक्ष ठेवा. ‘वॉर्निंग’ म्हणजे संकट दिसलं आहे किंवा अगदी जवळ आहे, आत्ता हला. दिवे असतील तर वॉर्निंगला लाल, वॉचला नारिंगी, ॲडव्हायझरीला, म्हणजे सौम्य सूचनेला, पिवळा. इशाऱ्यांच्या यादीतून नको ते बंद करता येतात. समुद्रापासून लांब असाल तर किनाऱ्यावरचे आणि नौकांचे इशारे खुशाल बंद करा. टॉर्नेडो वॉर्निंग बऱ्याच मॉडेलांत बंद होतच नाही, आणि ते बरं आहे. अचानक येणाऱ्या पुराचा इशारा मात्र लोक त्रास नको म्हणून बंद करतात. तो करू नका. ४ जुलै २०२५ च्या पहाटे टेक्सासच्या केर काउंटीत ग्वाडालुपे नदी चढली तेव्हा पहिली वॉर्निंग रात्री १ वाजून १४ मिनिटांनी निघाली होती. त्या वेळी कुणी हवामानाचं ॲप उघडून बसत नाही.

अलर्टचे तीन प्रकार असतात: भोंगा, थेट निवेदन, किंवा फक्त दिवा आणि पडद्यावरची अक्षरं. झोपायच्या खोलीत भोंगाच ठेवा. भोंग्याचा आणि निवेदनाचा आवाज बऱ्याचदा वेगवेगळा ठरतो. आवाजाचं बटण शून्यावर असेल तर भोंगा कानठळ्या बसवेल आणि पुढचं निवेदन ऐकूच येणार नाही. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी उशीखाली ठेवायचं थरथरणारं यंत्र किंवा लखलखणारा दिवा जोडायची सोय असलेलं मॉडेल घ्या.

घड्याळ

घड्याळ लावण्याचे तीन मार्ग आहेत आणि तुमच्या रेडिओत कुठला आहे ते आधी कळायला हवं. पहिला साधा: हाताने तास, मिनिटं, एएम-पीएम. दुसऱ्यात रेडिओ इशाऱ्याच्या सांकेतिक भागातून वेळ उचलतो. त्या भागात वर्षातला कितवा दिवस आणि यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाण, वेळ असते. तुम्ही टाइम झोन दिलेला असतो त्यावरून रेडिओ स्थानिक वेळ काढतो. घड्याळ बरोबर एक तास पुढे किंवा मागे दिसलं तर वेळेशी झटापट करू नका, टाइम झोन किंवा डेलाइट सेव्हिंगचा (उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करण्याचा) पर्याय चुकलेला आहे. तिसऱ्यात कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सहून ६० किलोहर्ट्झवर येणारा, डब्ल्यूडब्ल्यूव्हीबी या वेळ प्रसारित करणाऱ्या केंद्राचा संकेत वापरतात. तो रात्री चांगला मिळतो, म्हणून सेल घातल्यावर लगेच वेळ आली नाही तर सकाळपर्यंत थांबा.

डेलाइट सेव्हिंग मार्चच्या दुसऱ्या रविवारी सुरू आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बंद होतं. हा नियम २००७ पासूनचा. त्याआधी बनलेला, स्वतःहून वेळ बदलणारा रेडिओ कुणी दिला असेल तर तो काही आठवडे चुकीची वेळ दाखवेल. ॲरिझोनात, नाव्हाहो नेशन सोडून, हा पर्याय बंदच ठेवायचा.

‘अलार्म’ आणि ‘अलर्ट’ ही बटणं शेजारी असतात. पहिलं सकाळी उठवणारं, दुसरं हवामानाचं. झोपेत अलार्म बंद करताना अलर्ट बंद होतो. रात्री दिवा मालवताना पडद्यावर अलर्टची खूण आहे ना, एवढं बघा. काही स्वस्त मॉडेलांत एफएम ऐकत असताना अलर्टचा पहाराही थांबतो, माहितीपुस्तकात तेवढं एक वाक्य शोधून काढा.

चाचणी

हवामान सेवा आठवड्याला एक चाचणी संदेश पाठवते, बहुतेक ठिकाणी बुधवारी दुपारच्या आसपास. त्या दिवशी खरोखरच हवा बिघडलेली असेल तर तो पुढे ढकलतात. बऱ्याच रेडिओंवर त्याने भोंगा वाजत नाही, फक्त पडद्यावर ‘वीकली टेस्ट’ येतं. प्रक्षेपण ऐकत असाल तर आधी कर्कश खरखरीचे तीन झटके येतात. तोच तो कोड. मग सलग सूर, मग यंत्राच्या आवाजातलं निवेदन, आणि शेवटी पुन्हा तीन छोटे झटके. दोन बुधवार पडद्यावर काहीच आलं नाही तर आधी कोडाचे सहा आकडे, मग फ्रिक्वेन्सी, मग अँटेना, या क्रमाने तपासा. निवेदन स्पष्ट ऐकू येतं पण चाचणी येत नाही, तर कोड चुकला आहे किंवा मनोरा दुसऱ्या काउंटीचा आहे. निवेदनच खरखरतंय, तर कोड कितीही बरोबर असला तरी रेडिओला तो वाचता येत नाही.

भारतातून आई-बाबा आले असतील तर

यंत्राचं भरभर इंग्रजी त्यांना कळेलच असं नाही. रेडिओखाली मराठीत चिठ्ठी चिकटवा: ‘लाल दिवा आणि भोंगा: हे बटण एकदाच दाबा. खालच्या मजल्यावरच्या बिनखिडकीच्या बाथरूममध्ये जा. चपला घाला, फोन घ्या. आम्हाला फोन लावा.’ टेक्सासच्या बहुतेक घरांना तळघर नसतं, म्हणून खोली आधीच दाखवून ठेवा. ‘एकदाच’ खाली रेघ मारा. एकदा दाबलं की भोंगा थांबून निवेदन सुरू होतं, पुन्हा दाबलं तर तेही बंद.

प्रवासात

कॅम्पिंगला जाताना घरचा कोड निरुपयोगी होतो. दोन रात्रींसाठी कोड शोधत बसण्यापेक्षा ‘ऑल’ लावा आणि पोचल्यावर नव्याने स्कॅन करा. दरीत सिग्नल नसेल तर तंबू लावण्याआधी रेडिओ घेऊन थोडं वर चढून बघा. परत आल्यावर फ्रिक्वेन्सी आणि कोड दोन्ही पूर्ववत करायचे असतात. रेडिओच्या पाठीवर पट्टी चिकटवून घरचे आकडे लिहून ठेवले तर ते दोन मिनिटांचं काम. हंगाम संपल्यावर कपाटात ठेवणार असाल तर सेल काढून ठेवा.