ब्रसेल्सला जावं की नाही? ठरवताना या चुका टाळा

युरोपात फिरायला जाणाऱ्या आपल्या लोकांकडून ब्रसेल्सबद्दल एक वाक्य हमखास ऐकू येतं: "तिथं काही नाही. पॅरिसहून अ‍ॅमस्टरडॅमला जाताना दोन तास उतरा, बास." मला हे मुळीच पटत नाही. हे शहर प्रत्येकाला आवडेल असं नाही, पण त्याला नापास करण्याची पद्धत बहुतेक वेळा चुकीची असते.

मानेकन पीसवरून शहर जोखू नका

मानेकन पीस म्हणजे लघवी करणाऱ्या छोट्या मुलाचा दोन फुटांपेक्षाही लहान पुतळा, समोर मोबाइल उंचावलेली गर्दी, आणि तोही मूळचा नाही. १६१९ साली घडवायला दिलेला मूळ पुतळा ग्रां प्लास चौकातल्या संग्रहालयात ठेवला आहे. हे बघून निराश झालात तर दोष शहराचा नाही. चौकात मात्र निवांत थांबा. १६९५ मध्ये फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या फौजेने तोफा डागून हा भाग बेचिराख केला. नगरभवनाचा मनोरा तेवढा टिकला. भोवतीची सोनेरी नक्षीची घरं व्यापारी संघांनी त्यानंतर काही वर्षांतच पुन्हा उभी केली.

ब्रसेल्सची खरी श्रीमंती यादीतून वगळू नका

माझ्या मते इथं मुक्काम करण्याचं सगळ्यात भक्कम कारण म्हणजे वास्तुकार व्हिक्टर ओर्ता. १८९३ च्या सुमारास त्याने तासेल यांच्यासाठी बांधलेल्या घरात लोखंड वेलीसारखं वळतं आणि जिन्यावर वरून उजेड उतरतो. वेलीफुलांसारख्या वळणदार रेषांची आर्ट नूव्हो शैली वास्तुकलेत रुजली ती अशा घरांतून. त्याची चार घरं जागतिक वारशाच्या यादीत आहेत. त्यांपैकी सें-जिल भागातलं त्याचं स्वतःचं राहतं घर आता संग्रहालय आहे. ते मोजक्याच वेळात उघडं असतं, त्यामुळे तिकीट आधीच काढा. त्याने कामगार पक्षासाठी बांधलेलं 'मेझों द्यू पप्ल' (लोकांचं घर) हे भवन १९६५ मध्ये पाडलं गेलं. एवढं मोलाचं काम हातचं घालवल्याची हळहळ आजही वाटते.

तुम्हाला इमारती, चित्रं, कॉमिक्स यांत रस असेल तर दोन रात्री ठेवा. चित्रकार रने मागरितचं संग्रहालय आहे, मारोल भागात सकाळचा जुना बाजार भरतो, युरोपीय इतिहासाचं संग्रहालय तर विनाशुल्क आहे. पण कालवे आणि जुन्या गल्ल्यांचे फोटो एवढंच हवं असेल, तर सरळ गेंट किंवा ब्रुजला राहा. गेंट रेल्वेने अर्ध्या तासावर, ब्रुज तासाभरावर. ब्रसेल्सला येऊन त्याला नावं ठेवण्यापेक्षा हे बरं.

मिदी स्टेशनबाहेर मत बनवू नका

लंडन-पॅरिसहून येणारी वेगवान रेल्वे युरोस्टार इथंच थांबते आणि आजूबाजूचा परिसर रूक्ष आहे. अनेकांचं मत तिथंच पक्कं होतं. स्थानिक गाडीने सेंट्रल स्टेशनला या. तिथून ग्रां प्लास चालत पाचेक मिनिटांवर आहे. फलकांवर फ्रेंच आणि डच अशी दोन्ही नावं असतात, म्हणून 'मिदी' आणि 'झाउड' पाहून गोंधळू नका, स्टेशन एकच.

विमानाचं तिकीट आणि वार

स्वस्त तिकिटावर 'ब्रसेल्स साउथ शार्लरुआ' लिहिलं असेल तर ते विमानतळ शहरापासून जवळजवळ ५० किलोमीटर दूर आहे. दोन दिवसांच्या सहलीतला अर्धा दिवस त्यातच जातो. झाव्हेन्टम या शहराच्या मुख्य विमानतळावरून मात्र रेल्वेने सेंट्रलला वीसेक मिनिटं लागतात. सोमवारी बरीच संग्रहालयं बंद असतात. युरोपीय संस्थांच्या कामासाठी येणाऱ्यांमुळे हॉटेलं आठवड्याच्या मधल्या दिवसांत महाग आणि शनिवार-रविवारी बरीचशी स्वस्त असतात, तेव्हा शुक्रवारी पोहोचणं उत्तम.

शाकाहारी असाल तर आणखी एक. इथले बटाट्याचे फ्रीत दोनदा तळतात आणि पारंपरिक दुकानांत त्यासाठी गाईची चरबी वापरतात. काही ठिकाणी वनस्पती तेलही असतं, म्हणून पुडा घेण्याआधी कशात तळलंय ते विचारा.